पाच शून्यांची गाडी

चहा घ्या आधी. अट एकच, सुनंदा कप न्यायला आत आली की विषय बदलायचा. मामला तिच्या माहेरचा आहे आणि गाढवपणा सगळा माझा. आठवला की मी एकटा असलो तरी स्वतःचे कान पकडतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथे अमरावतीत शाळेत गणित शिकवतो. पुढची हकीकत ऐकताना तेवढं विसरा.

अकोल्याला माझे साडू राहतात, अरुणभाऊ. सुनंदाच्या थोरल्या बहिणीचे, शोभाताईंचे यजमान. सासरवाडीत त्यांचा शब्द शेवटचा. फ्रिज कोणता घ्यायचा? अरुणभाऊंना विचारा. पोरीला आलेलं स्थळ कसं आहे? अरुणभाऊंना विचारा. मला काय विचारतात, तर 'चहा घेता का?' लग्नाला सतरा वर्षं झाली, यापुढे प्रश्न गेलेला नाही.

तर अशा शहाण्या माणसानं सात वर्षांपूर्वी एक मोटरसायकल घेतली. साधीसुधी नाही. कुण्या मोठ्या डिझायनरनं स्वतः कागदावर काढून बनवलेली. जगात तशा अकराच गाड्या आहेत म्हणे. टेम्पोतून आणली, चार माणसांनी उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवली, वरून चादर घातली, आणि संपलं. सात वर्षांत ती गाडी एक फूट चालली नाही.

मला त्या गाडीचं काही उमगतच नसे. उडी मारायच्या बेतात असलेल्या नाकतोड्यासारखी दिसायची. कॅरिअर नाही, डिकी नाही, भाजीची पिशवी अडकवायला साधा हूक नाही. बायकोला बसवायचं तर कुठं? एकदा धीर करून विचारलं, तर भाऊ म्हणाले, "प्रकाशराव, थे पाह्याची गाडी हाय. चालवाची नाही."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय लावायचा? पाहायचा टीव्ही तर शेजारीच होता. मी पुष्कळ विचार केला आणि माझ्या परीनं अर्थ लावला. अरुणभाऊंना मोटरसायकल चालवताच येत नसणार! लाजेपोटी सांगत नसणार. आठवून पाहिलं, तर खरंच मी त्यांना शोभाताईंच्या स्कूटीखेरीज कशावर बसलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली. इथंच सगळं बिघडलं.

गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं अकोल्याला गेलो होतो. सकाळी भाऊंनी गाडीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा जाड हार घातला. जेवणं झाल्यावर साडेतीनच्या सुमारास मला बाजूला घेतलं.

"प्रकाशराव, पुण्याहून एकजण येऊन राहिले. गाडी घ्याले. मी स्टेशनवर जातो त्याहिले आनाले. तवरोक गाडीकडे तुमी पाहजा. मले तुमच्यावर भरोसा हाय."

भरोसा! सतरा वर्षांत पहिल्यांदा. सात वर्षं अख्खी गल्ली त्या गाडीपायी भाऊंना हसत होती. शोभाताईंनी तर 'हॉलमधलं ढोर' असं तिचं नावच ठेवलं होतं. आज ती विकली गेली की भाऊंची मान पुन्हा ताठ होणार होती, आणि ते काम त्यांनी माझ्या हाती दिलं होतं. जीव गेला तरी हे बिघडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

भाऊ गेले आणि माझं डोकं चालू झालं. गिऱ्हाईक येणार, म्हणणार 'चालू करून दाखवा.' मग? गाडीत पेट्रोलचा थेंब नाही, आणि भाऊंना किक मारता येत नाही. पुण्याच्या माणसापुढं शोभा.

मी शेजारच्या वानखडे काकांना हाक मारली. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले.

"सात वर्स उभी?" काका म्हणाले. "मंग चालू कावून करून पाहिली नाही? घेनारा का डोये मिटून घेईन?"

"तेच तर म्हणतो मी, काका."

काकांनी आपल्या लुनातलं पेट्रोल काढून तिच्यात ओतलं, प्लग पुसला, एक तार ओढली, आणि तिसऱ्या किकला ती अशी गरजली की स्वयंपाकघरातून दोन्ही बहिणी पुरणाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"दसरा हाय," काका म्हणाले. "चालू झालीच हाय तर सीमोल्लंघन करून आना. दसऱ्याले गाडी उभी ठेवू नाही."

हे मला पटलं. तुम्हाला नसतं पटलं? आपल्याकडे दसऱ्याला पंक्चर सायकलसुद्धा हातात धरून वेशीपर्यंत नेतात. आणि ही बिचारी सात दसरे घरात बसलेली. मी शोभाताईंना विचारलं, "नेऊ का?"

"न्या बापा, न्या," ताई म्हणाल्या. "तवरोक थे जागा तरी झाडून होईन."

तर घरधनिणीची परवानगी घेऊन, गल्लीतल्या चार पोरांकडून गाडी उचलून दाराबाहेर काढून, वानखडे काकांच्या हातून चाकाखाली लिंबू ठेवून, मी निघालो. हँडल इतकं खाली की हनुवटी टाकीला लागत होती. हॉर्न समजून जे दाबलं त्यानं उजवीकडचा दिवा लागला. नाक्यापर्यंत गेलो, हात जोडले, परत आलो. सांगायला हरकत नाही, छाती फुगली होती. गल्लीत शिरताना दोघातिघांनी हात केला.

गाडी दारात लावतो न लावतो तोच भाऊंचा फोन.

"प्रकाशराव, ट्रेन लेट हाय. साडेसहा होतीन. गाडीकडे ध्यान ठेवजा."

"गाडी एकदम ठीक, भाऊ. गिऱ्हाईकानं काहीही पाहायला मागू द्या."

"त्याहिले काहीच पाह्याचं नाही. मीटरवरचे पाच शून्य पाह्याचे अन् गाडी ट्रकमधी टाकून न्याची."

"शून्य?" मी म्हणालो.

"हो ना. एक मीटरही चालली नाही, म्हनून तर घेऊन राहिले. शालूची घडी मोडल्यावर त्याले कोन नवा म्हन्ते का? तसं समजा."

फोन बंद झाला. मी तिथंच पायरीवर बसलो. मला आधी भीती वाटलीच नाही, नुसता गोंधळ झाला. माणूस गाडी घेतो, ती चालत नाही म्हणून? मग चालणारी गाडी कुठली, आणि बिघडलेली कुठली? असा विचार करत करत मी हँडलवरचा हार उचलून मीटर पाहिला. चार शून्य, आणि शेवटी एक. तेव्हा मात्र घाम फुटला. भाऊंची सात वर्षं मी नाक्यावर नेऊन घालवली होती.

"काका, आता?"

वानखडे काकांनी वाकून मीटर पाहिला. "घाबरू नका मास्तर. जुन्या पद्धतीचा मीटर हाय. गाडी मांगं ढकलली का आकडा मांगं जाते."

बुडत्याला काडीचा आधार. मी लगेच हिशेब मांडला. गल्ली दोनशे मीटरची. एक किलोमीटर म्हणजे पाच खेपा, वर थोडं कमीजास्त. टोकाला पोचलं की गाडी स्टँडवर गरकन फिरवायची आणि पुन्हा मागे. काकांनी हँडल धरलं, मी पुढून दिव्यावर दोन्ही हात टेकून रेटायला लागलो. दोन खेपांनंतर हार बाजूला करून पाहिलं, तर खरंच, एकचा आकडा शून्याकडे सरकायला लागला होता. मी काकांच्या पायाच पडणार होतो.

पण दसऱ्याची संध्याकाळ. लोक सोनं द्यायला बाहेर पडलेले. समोरच्या वहिनी आपट्याची पानं घेऊन आल्या आणि थांबल्या.

"काहून हो भाऊजी, गाडी उलटी नेऊन राहिले?"

काय सांगणार? खरं सांगितलं तर भाऊ यायच्या आधी बातमी स्टेशनवर पोचली असती. तोंडाला येईल ते बोललो. "आमच्या अमरावतीकडे पद्धत आहे. सीमोल्लंघनाहून आलं की गाडी उलटी घरात आणायची. लक्ष्मी पाठ फिरवत नाही."

"असं का?" वहिनी म्हणाल्या, आणि मागे वळून, "अवो, ऐकलं का? आपली स्कूटी काढा."

पाच मिनिटांत गल्लीत चार गाड्या उलट्या चालत होत्या. एकानं तर ऑटो रिव्हर्समध्ये घातला. एक म्हातारे मला थांबवून विचारायला लागले, की किती खेपा घालायच्या, पाच की सात? सातच शुभ, असं कुणी तरी परस्पर ठरवलं. जो तो सोनं देतोय, मिठी मारतोय, पुन्हा ढकलतोय. या गडबडीत माझ्या खेपा मोजायच्या राहिल्या. चार झाल्या होत्या की सहा? काका म्हणाले, "सात करू. सगळे करून राहिले."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भाऊंची रिक्षा आली. उलट्या गाड्यांच्या गर्दीत तिला आत शिरता येईना. भाऊ आणि पुण्याचे गृहस्थ पायी चालत आले. मी कशीबशी गाडी दारात नेली आणि खांद्यावरच्या रुमालानं चाकावरची लिंबाची साल पुसली.

"ही इथली प्रथा आहे का?" पाहुणे विचारत होते.

"हो ना, लय जुनी," भाऊ अभिमानानं म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत.

पाहुण्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले. टाकी पाहिली, सीट पाहिली, मान डोलावली. भाऊंच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला भरून आलं. सात वर्षांत पहिल्यांदा गल्लीतले लोक त्यांच्याकडे हसण्यासाठी नाही, तर आदरानं पाहत होते. मग पाहुण्यांनी दोन बोटांनी झेंडूचा हार उचलला आणि मीटरवर वाकले.

मग चष्मा पुसून ते पुन्हा वाकले.

"अरुणराव," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही शून्य सांगितलं होतं."

आम्ही सगळे वाकलो. मीटरवर एकही शून्य नव्हतं. पाच नऊ होते, एका ओळीत. आम्ही शून्याच्याही मागे गेलो होतो.

मग काय, मी सगळं सांगितलं. पेट्रोल, लिंबू, नाका, सात खेपा, लक्ष्मी, सगळं. पाहुणे शांतपणे ऐकत होते. वानखडे काका मधे म्हणाले, "साहेब, थोडी समोर ढकलली का होते बराबर शून्य." त्यावर पाहुण्यांनी हातमोजे काढून खिशात ठेवले. पुरणपोळ्या मात्र दोन खाल्ल्या, शोभाताईंना नमस्कार केला, आणि आले तसे गेले.

गल्ली रिकामी झाली. भाऊ गाडीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी समोर उभा, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. ते ओरडतील, निदान शिवी देतील, असं वाटत होतं. तेवढ्यानं मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते पाच नऊ बोटानं एकेक करून वाचले आणि माझ्याकडे तोंड केलं.

"प्रकाशराव, मी घरून गेलो अन् तीन तासांत वापस आलो. तेवढ्यात तुमी नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव किलोमीटर गेले तरी कुठं?"

सतरा वर्षांत 'चहा घेता का' सोडून त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न, आणि मला त्याचं बरोबर उत्तर येत होतं.

"नाक्यापर्यंत," मी म्हणालो.