सावनेर रोडवरचा तबेला आणि इमली नावाची घोडी

घोड्यावर बसायचंच, हे मी दवाखान्यातून परत येताना गाडीत ठरवलं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, विमा कंपनीत नोकरी करते आणि तोवर आयुष्यात घोड्याला साधा हातही लावला नव्हता. त्यामुळे गाडी चालवणाऱ्या अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आधी ते मनावरच घेतलं नाही.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मला एक विषाणूचा ताप आला आणि जाताना डाव्या कानातला तोल सांभाळणारा भाग निकामी करून गेला. ऐकू येतं, पण मान झटकन वळवली की जमीन तिरकी होते. कित्येक महिने मी भिंतीला धरून चालत होते. नागपुरात बर्डीच्या बाजारात दोन्ही बाजूंनी माणसं आली की पायाखालचं सगळं हलायचं. डॉक्टर म्हणाले की कान काही पूर्ववत होणार नाही, मेंदूलाच नव्याने शिकावं लागेल, आणि घरात बसून तो शिकणार नाही. शरीराला हालचाल द्या, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, घोडा चालेल का? त्यांनी माझ्या कागदांवर पुन्हा नजर टाकली. मग हेल्मेट, कुणीतरी दोरी धरलेली, फक्त चाल, आणि चक्कर आली की थांबायचं, अशा अटी घालून हो म्हणाले.

घोडाच का, असं अविनाशने विचारलं. लहानपणापासून बसायचं होतं, एवढंच. आता नाही तर मग कधीच नाही, असं वाटत होतं. शिवाय इतके महिने लोक मला हाताला धरून रस्ता ओलांडून देत होते, आणि मला त्याचा कंटाळा आला होता.

नागपुरात घोडेस्वारी शिकायची असेल तर दिवाळीनंतर सुरुवात करा. मार्चनंतर उन्हात तुम्हीही शिजता आणि घोडाही. हे आम्ही बरोबर केलं. बाकी शोधाशोध मात्र चुकतमाकत झाली.

पहिल्या रविवारी आम्ही शहरातल्याच एका तबेल्यात गेलो. वरातीच्या घोड्या ठेवणारं ते जुनं घराणं आहे. जागा अरुंद, पण स्वच्छ. पांढऱ्याशुभ्र दोन घोड्या कुटी खात उभ्या होत्या. मालकांनी माझी शिकायची हौस ऐकून घेतली, आम्हाला चहा पाजला आणि सरळ नकार दिला. त्यांच्या घोड्या बँड वाजला की नाचायला शिकलेल्या. रस्त्यावर कुणाच्या गाडीत गाणं वाजलं तरी पाय उचलतात, म्हणाले. तुमच्यासारख्या नवीन बाईला घेऊन नाचली तर मी कुठे तोंड दाखवू? मला वाईट वाटलं, पण माणूस खरं बोलला म्हणून बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी वर्धा रोड धरला. मिहानचा औद्योगिक परिसर मागे टाकून थोडं पुढे गेलं की शेतघरांच्या धर्तीवरची दोन-तीन रिसॉर्टं आहेत. त्यातल्या एकाची जाहिरात अविनाशने मोबाइलवर शोधली होती. सकाळी निघून वाटेत तर्री पोहे खाल्ले (तर्री म्हणजे वरचा झणझणीत रस्सा, ती वेगळी मागा, नाहीतर नाकातून पाणी येतं). रिसॉर्ट दिसायला झकास. लॉन, झोपाळे, फोटो काढायला रंगवलेली बैलगाडी. घोडे मात्र आधीच खोगीर चढवून उन्हात बांधलेले होते, आणि जवळपास पाण्याचं टाकं दिसलं नाही.

माझ्यासाठी एक तपकिरी घोडा आणला. खोगिराखाली जाड रंगीत झूल होती. मी हात लावायला गेले तर घोड्याने पाठ आत ओढून घेतली. मी खोगीर काढून दाखवा म्हटलं. तिथला माणूस म्हणाला, काही नाही, मॅडम, नखरे आहेत त्याचे. मी पुन्हा तेच म्हटलं. अविनाश गाडीजवळून मला हाताने खुणावत होता की चल, जाऊ. त्याला लहानपणी कुत्रा चावलेला आहे आणि तेव्हापासून चार पायांच्या कुठल्याही प्राण्याच्या दहा हात लांबून तो जातो. भांडणाच्याही.

मी हलले नाही. शेवटी खोगीर निघालं. मान संपून पाठ सुरू होते तिथे तळहाताएवढी जखम होती, झुलीचे धागे तिला चिकटलेले. मॅनेजर आले. दुसरा घोडा देतो, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की मला दुसरा नको, पण हा आज परत कुणाला दिला जाणार नाही, हे पाहिल्याशिवाय मी जाणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला चक्करच आली असती. एका खुर्चीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने घोडा सावलीत नेला, पाणी दाखवलं, तेव्हा उठले.

 परतीच्या वाटेवर बुटीबोरीकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा अविनाश म्हणाला, "मी आलो असतो आत. पाय उचलले नाहीत."

मी म्हटलं, माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी शहरात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुणांना फोन लावला. ते डॉक्टर घेऊन गेले, घोड्याचं काम बंद करवलं आणि औषधं सुरू झाली, असं त्यांनी मला कळवलं. त्यांच्यातल्याच एका मुलीने सावनेर रोडवर घोडेस्वारी शिकवणाऱ्या सुलभाताईंचं नाव सुचवलं. ती म्हणाली, तिथे फोटोबिटो काढायला काही नाही, पण घोडे बघून या.

तर आता खऱ्या ठिकाणाकडे. नागपूरहून कोराडीमार्गे सावनेरचा रस्ता धरायचा. रस्ता उत्तम आहे, फक्त कोळशाचे ट्रक सांभाळा. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की दोन्ही बाजूंना कपाशी आणि मध्येमध्ये संत्र्याच्या बागा लागतात. पाटणसावंगी ओलांडल्यावर उजवीकडे कच्चा रस्ता फुटतो. शहरातून तासाभराचा प्रवास. हिवाळ्यात बागवाले रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लावून बसतात. जातानाच घ्या, येईपर्यंत चांगली संपतात.

सुलभाताई पंचावन्नच्या आसपासच्या. घरची शेती आहे. सासऱ्यांना घोड्यांचा नाद होता. ते गेल्यावर सगळ्यांनी घोडे विका म्हटलं, पण यांनी विकले नाहीत, उलट स्वतः रीतसर शिकून आल्या आणि शिकवू लागल्या. सहा घोडे, बाभळीच्या सावलीत मोठा गोठा, खाली कोरडा पेंढा, बाजूला कुंपण घातलेलं मातीचं रिंगण. आम्ही पोचलो तेव्हा घोडे मोकळेच होते आणि एकाचंही खोगीर बाहेर नव्हतं.

मी आधीच्या दोन ठिकाणी केलं होतं तसं हसत हसत, शिकायची हौस आहे, असं सुरू केलं. त्यांनी माझ्याकडे पाहत विचारलं, "ताई, तुमी कुंपणाले धरून काहून उभ्या आहात?"

मग मी सगळं सांगितलं. कान, चक्कर, डॉक्टरांच्या अटी. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या की आज बसायचं नाही, पुढच्या रविवारीही नाही. आधी घोडीला हाताने चालवायचं, तिला खरारा करायचा, म्हणजे ब्रशने अंग घासायचं, तिच्या बाजूने वळायला शिकायचं. तुम्ही वळताना पडता की नाही, ते मला जमिनीवर बघू द्या.

मला राग आला. इतके रविवार हुकले होते. पण रिसॉर्टच्या माणसाने मला काही न विचारता चढवलं असतं, हेही आठवलं. मी हो म्हटलं.

घोडीचं नाव इमली. लालसर रंगाची, ठेंगणी, आणि अनोळखी माणूस दिसला की आंबट तोंड करणारी. पहिल्या दिवशी तिने माझी ओढणी चघळली. तुम्ही जाणार असाल तर ओढणी घरी ठेवा, पूर्ण पँट आणि टाच असलेले बूट घाला. हेल्मेट त्या देतात. तासाला पाचशे रुपये घेतात, आणि खराऱ्याचे काही नाही.

खराऱ्याचे ते रविवार मला फार आवडले. ब्रश फिरवताना खालून घोडीची ऊब हाताला लागते. सकाळच्या थंडीत तिच्या पाठीवरून वाफ निघायची. तिच्या खांद्याला टेकून उभी राहिले की मला भिंत लागत नसे. तिला दोरीने धरून रिंगणात फिरताना सुरुवातीला मी प्रत्येक वळणावर अडखळत होते आणि ती थांबून माझ्याकडे तिच्या त्या आंबट तोंडाने पाहत होती. अविनाश कुंपणाबाहेर, संत्री सोलत. सुलभाताईंनी एकदा त्याला आत बोलावलं. तो म्हणाला की इथूनच छान दिसतं.

डिसेंबर सरत असताना एका सकाळी खोगीर बाहेर आलं. सुलभाताईंनी दोरी धरली. मी ठोकळ्यावर चढले, रिकिबीत पाय घातला आणि बसले. उंची फार नव्हती, तरी सगळं रिंगण एकदम लहान झालं. सरळ चालताना मजा आली. खरंच मजा. कंबर आपोआप घोडीबरोबर हलायला लागली आणि मला हसू यायला लागलं.

मग पहिलं वळण आलं आणि जमीन तिरकी झाली. कपाशी, बाभूळ, कुंपण, सगळं डावीकडे घसरलं. मी पुढे वाकले आणि इमलीच्या मानेवर हात टाकले. ती थांबली. सुलभाताईंनी माझा गुडघा धरला.

"उतरता का, ताई?"

मला उतरायचं होतं. कानात सूं आवाज होत होता. पण आज उतरले तर पुढचा रविवार येणार नाही, हेही मला स्पष्ट दिसत होतं. अविनाश आग्रह करणार नाही, डॉक्टर दोष देणार नाहीत, आणि मी पुन्हा भिंत धरेन.

"नाही," मी म्हटलं. "थांबू. जाईल ही चक्कर. मग पुन्हा हेच वळण."

"मंग थांबू. घाई कोनाले आहे," त्या म्हणाल्या.

मी डोळे इमलीच्या कानांवर ठेवले. हळूहळू ते दोन कान एका जागी स्थिर झाले. तेव्हा मला जाणवलं की उजव्या पायाजवळ कुणीतरी आहे. अविनाश होता. कुंपणाचं फाटक उघडून, मोकळ्या सोडलेल्या दोन घोड्यांमधून तो आत आला होता आणि दोन्ही हातांनी माझी रिकीब घट्ट धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागून एक राखाडी घोडा त्याच्या कॉलरचा वास घेत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी त्याला सांगितलं नाही. ते वळण आम्ही घेतलं, मी वर आणि तो खाली, रिकीब न सोडता. नंतर दुसरं घेतलं. तिसऱ्याला मी त्याला रिकीब सोडायला सांगितलं.

दुपारी सुलभाताईंनी झुणका-भाकर वाढली, सोबत ठेचा. मला भूक लागली होती, आजारपणानंतर लागली नव्हती तशी. परत येताना सगळं अंग ठणकत होतं आणि मी कोराडीपर्यंत झोपले.

आता घरी बसून हे लिहिते आहे. या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कान होता तसाच आहे. चालणं सुधारलंय, असं ते म्हणाले, पण घोड्याने का व्यायामाने हे कुणी सांगू शकत नाही, आणि मीही छातीठोकपणे सांगणार नाही. दोरी धरून दुडकी, म्हणजे घोड्याची हलकी धाव, मात्र डॉक्टरांनी आता मंजूर केली. अंधारात अजून भिंत लागते. तुम्हाला असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तबेल्यात काही लपवू नका. तुम्हाला खोदून न विचारणाऱ्या तबेल्यात जाऊच नका.

परवा ऑफिसात एका मैत्रिणीने विचारलं, "काय वं मंजू, झाली का बरी?"

मी म्हटलं, "नाही. पण रविवारी दुडकी शिकायची आहे."