दोन बोटांचा ब्रेक

अक्काचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा खात होतो. "अरुण, हे गेले रे…" एवढंच ती म्हणाली. हे म्हणजे तिचे यजमान, आमचे दाजी. उचगावात वर्षानुवर्षं मोटरसायकलींचं गॅरेज चालवणारे. डब्याला झाकण लावलं, गाडी काढली आणि निघालो. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पुढच्या ब्रेकवर माझी दोनच बोटं आहेत. ही सवय दाजींनी लावलेली. ती कशी लागली हे लिहावं की नको, यात महिना गेला, कारण त्या हकिकतीत मी काही बरा दिसत नाही.

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि आमच्या शिवाजी पेठेतली पोरं मला काका म्हणायला लागली होती. शहाणा माणूस यावर तालमीत जातो. मी स्पोर्ट बाईक घेतली. तोवर चालवली होती ती फक्त मोपेड. तिचा ब्रेक सगळ्या मुठीनं आवळला, की ती विचार करून पुढच्या चौकात थांबायची. नव्या गाडीवर पुढं वाकलो की पोट टाकीला टेकायचं, आणि मला वाटायचं, शर्यतीतली बैठक म्हणतात ती हीच. पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, आणि पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी हौसेनं दाजींच्याकडं नेली.

काम झाल्यावर दाजी एक फेरी मारून आले. "गाडी झ्याक हाय. खरं तुला आत्ता न्हवं."

"का? मला चालवाय येत न्हाय व्हय?"

"मोपेड येती की. वर्षभर माझी जुनी शंभर सीसीची चालव. ही हितं राहू दे, मी पुसत जाईन." मग माझा हात धरून त्यांनी ब्रेकवर ठेवला. सवयीनं मी मूठ आवळली. "दोन बोटं! म्हशीची धार काढाय बसलायस व्हय? चार बोटांनी दाबलास तर चाक जाग्याव थांबंल, तू न्हाय थांबायचास."

गॅरेजातली गिऱ्हाइकं खदाखदा हसली. सल्ल्याचं मला काही वाटलं नाही, हसण्याचं फार वाटलं. गाडीला किक मारून मी तिथून तरातरा निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाची बैलगाडी वळणावर आडवी आली आणि मी धार काढली. चाक जाग्यावर थांबलं. मी थांबलो नाही. दाजींचा शब्द न् शब्द खरा झाला.

दवाखान्यात खांद्याला पट्टा बांधून पडलो होतो. आमच्या वडिलांचा, आबांचा, आवाज आधीच मोठा, त्यात घाबरलेले. "कसा पडलास?" त्यांनी विचारलं. गाडी मला झेपली नाही, असं चौतिसाव्या वर्षी बापाला सांगायचं…? मी म्हणालो, "ब्रेक लागला न्हाय."

"काल जावयाकडनंच आणलीस न्हवं गाडी?"

मी डोळे मिटून घेतले. दुखतंय असं दाखवलं, आणि दुखतच होतं, त्यामुळं नाटक बेमालूम झालं. खाटेच्या पायथ्याशी अक्का थर्मास घेऊन उभी होती. तिनं कपात चहा ओतला आणि माझ्या हातात दिला.

त्यानंतर वडिलांनी आपली स्कूटर दाजींना कधी दाखवली नाही. वर्षानुवर्षं जावयाशिवाय कुणाचा हात न लागलेली स्कूटर ते रस्त्यावरच्या कुणाकडंही न्यायचे. त्या वर्षी जत्रेच्या जेवणात चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "दाजींच्याकडं गाडी टाकायची तर आधी दवाखान्यात खाट बघून ठेवा!" सगळी पंगत हसली. मीही हसलो… हो, मीही. माझ्या शेजारीच बसलेले दाजीसुद्धा हसले आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "ह्याला पांढरा रस्सा वाढ अजून. हाडं जुळायची हायत त्याची."

पट्टा सुटला त्या रविवारी दाजी आपली शंभर सीसीची घेऊन दारात हजर. "चला मेव्हणं." मग वर्षभर दर रविवारी ते माझ्या मागं बसले. कुत्रं आडवं आलं की कानाशी, "दोन बोटं." पोरगं धावलं की, "दोन बोटं." अपघाताचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. ते काढतील म्हणून मी वाट बघत राहिलो, आणि ते बहुतेक माझी.

अपघातानंतर माझी गाडी त्यांनीच उचलून गॅरेजात नेली होती, ती वर्षानं परत दिली. पुढचं टायर नवं होतं.

"पहिलं नवंच हुतं की, दाजी."

"झिजलं हुतं," ते म्हणाले.

जेमतेम महिनाभर चाललेलं टायर कसं झिजेल, हे विचारायची अक्कल मला नव्हती. वडिलांना खरं सांगायचं रोज ठरवत होतो. मग वडील गेले. आता कुणाला सांगायचं, अशी एक सोयीस्कर पळवाट मिळाली आणि तिच्यातून मी इतकी वर्षं चालत आलो.

दाजींचं कार्य झाल्यावर गॅरेज आवरायला अक्काबरोबर गेलो. दारावर त्यांची पाटी लटकत होती. पाटी म्हणजे पांढरा रंग दिलेलं एक जुनं टायर, मधल्या पत्र्यावर लाल अक्षरांत 'गॅरेज'. या टायरखालून मी शेकडो वेळा आत-बाहेर केलं असेल. त्या दिवशी प्रथमच नीट बघितलं. सगळं टायर पांढरं, फक्त खालच्या बाजूला तळहाताएवढा तुकडा बिनरंगाचा, काळा. तिथली नक्षी घासून सपाट झालेली. चाक गच्च आवळून रस्त्यावर फरफटलं की टायर असं घासतं. एवढं तोवर मलाही कळायला लागलं होतं. न लागलेल्या ब्रेकनं ते घासत नाही.

"अक्का, हे माझ्या गाडीचं…"

"ठाऊक हाय. रंग मीच दिलाय त्याला. तेवढा तुकडा सोड म्हणाले."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"ते म्हणायचे, अरुण सांगंल की एक दिवस." तिनं पदरानं टायरवरची धूळ पुसली. "मला सांगितलं न्हाईस त्याचं काय न्हाय रे. खरं आबांना सांगायचं हुतंस. स्कूटर दुसऱ्या मेकॅनिककडं नेताना आबा ह्याच दारावरनं जायाचे. आवाज वळखून हातातलं काम ठेवून हे बाहेर येऊन उभं राहायचे… कधीतरी थांबतील म्हणून."



गॅरेज आता उचगावातल्याच एका तरुण मेकॅनिकनं चालवायला घेतलंय. पाटी काढायची नाही, एवढीच अक्काची अट. परवा गाडी दाखवायला गेलो, तर तो टायरकडं बघत म्हणाला, "पावणं, एवढं घासलंय कशानं ओ? ब्रेकात काय खोट हुती काय?"

"न्हाय," मी म्हणालो. "ब्रेक उत्तम हुता. दाजींनी लावल्याला."