घाट चढलेली खोली

सुगंधाचं नाव ठेवणाऱ्या आत्येला पोरगी पुढे सुक्या मासळीचा धंदा करणार हे ठाऊक असतं, तर तिने नक्कीच दुसरं काहीतरी नाव सुचवलं असतं. पण नाव पडलं ते पडलं. मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर सासरी आल्यापासून सुगंधाच्या अंगाला खाऱ्या बांगड्याचा जो वास लागला, तो कुठल्याच साबणाला दाद देईना. तिलाही त्याचं काही वाटत नसे. ज्या वासाने घर चालतं त्याला नाक मुरडणाऱ्याने उपाशी राहावं, असं तिचं सरळ मत होतं.

धंदा तिला शेजारच्या काशीबाईने शिकवला. मासळी खारवायची कशी, वाळत घातलेली पलटायची कधी, आणि घाटावरच्या गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर तोंड कोणत्या बाजूला फिरवायचं, सगळं काही. दिवाळी सरली की दोघी पोती भरून आंबोलीचा घाट चढायच्या आणि वरच्या बाजारगावांतून फिरायच्या. आधी एस.टी.च्या टपावर पोती टाकून जात. पुढे सुगंधाच्या मुलाने, प्रितमने, जुनी पिकअप घेतली. ती त्यांना बाजारात उतरवायची आणि दुसऱ्या भाड्याला निघून जायची. रात्री दोघी एका धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकायच्या. ओसरीला दार नव्हतं, पण वर छप्पर होतं आणि शेजारी ओळखीचं माणूस होतं. तेवढ्यावर इतकी वर्षं निभावली.

२००६ सालच्या दिवाळीनंतर गेल्या, तर ओसरीला लोखंडी जाळी आणि जाळीला हे एवढं कुलूप. दोघींनी नळावर हातपाय धुतले, लुगडी बदलली आणि लॉजवर गेल्या. लॉजवाल्याने नाकाला रुमाल लावला. "बाई, तुम्हाला खोली दिली तर बाकीची गिऱ्हाइकं पळतील," म्हणाला आणि काउंटरमागे वही चाळत बसला. ती रात्र दोघींनी स्टँडच्या बाकावर पोती पायाखाली दाबून काढली. एक दारू प्यायलेला माणूस दोनदा येऊन शेजारी बसून गेला. काशीबाईने हातातली छत्री सकाळपर्यंत खाली ठेवली नाही.

परतताना ती म्हणाली, "सुगंधा, आता पुरे झाला. ह्या वयात माझ्यान रातभर डोळे उघडे ठेवून बसाक होवचा नाय. ह्यो माजो शेवटचो फेरो."

सुगंधाने पदराने डोळे पुसले. एकटीने घाटावर जायचं म्हणजे धंदा बुडाल्यातच जमा होता. पण तिला खरं रडू आलं ते धंद्यासाठी नव्हे. जिने आपल्याला पायावर उभं केलं, ती बाई एका दारुड्याच्या आणि एका रुमालवाल्याच्या भीतीने घरी बसणार, याचा तिला संताप आला होता.

त्याच महिन्यात तारकर्लीला एक गोरं जोडपं गाडी घेऊन आलं. सुगंधा तिकडे बोंबील विकायला गेली आणि टोपली खाली ठेवून बघतच राहिली. गाडीच्या हौद्यात अख्खी खोली बसवलेली! त्या बाईने हसून तिला आत घेतलं. बिछाना, चूल, पाण्याची टाकी, आणि दाराला आतून कडी. खोली गाडीला जोडलेली नव्हती. नुसती सरकवून बांधलेली होती, चार पायांवर उतरवून ठेवता येत होती. सुगंधाने बोंबील विकायचे सोडून ती कडीच चार वेळा लावून बघितली.

संध्याकाळी ती धोंडू मेस्त्रीच्या मांगरात, त्याच्या कामाच्या झोपडीत, हजर. मेस्त्री होड्या बांधण्यात पटाईत. त्याने बांधलेली होडी फुटली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्याच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

"मेस्त्रीनू, माका एक खोली व्हयी. पिकअपीच्या हौद्यात बसणारी. लागात तेव्हा चढवची, नको तेव्हा उतरवची. आंब्याच्या टायमाक प्रितमाक हौदो रिकामो लागता."

"गो बाय, मी होडी बांधणारो माणूस. खोली बांधूक गवंडी बघ."

"गवंड्यान बांधलेली खोली घाट चढता काय?"

मेस्त्री हसला आणि तिथेच फसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने फणसाच्या फळ्या तासायला घेतल्या.

खोली झाली देखणी. आतून होडीसारख्या वाकणाच्या फासळ्या, वर सामान ठेवायला माळा, पुढे बिछाना, मागे आतून कडीचं दार, बाजूला विक्रीची फळी. नारळाच्या ओंडक्यांवरून ढकलत, पहारी लावत, वाडीतल्या दहा जणांनी ती पिकअपवर चढवली. मग मेस्त्रीने आपलं शास्त्र काढलं. पाण्याचं पिंप आणि मासळीची पोती त्याने मागे दाराशी लावली. पिकअपचं तोंड होडीच्या नाळेसारखं वर उचललं गेलं, तसा तो खूश झाला.

"नाळ वर रवाक व्हयी. नाळ खाली गेली काय होडी पाणी घेता."

बांधायला त्याने बंदरावरचा नायलॉनचा दोर आणला आणि चांगला हातभर सैल ठेवला. "दोर ताणून बांधलंस तर भरतीक तुटतलो."

"मेस्त्रीकाका, रस्त्याक भरती खंय येता?" प्रितम म्हणाला. मेस्त्रीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो गप्प झाला. वाडीत मेस्त्रीला शहाणपण शिकवणं म्हणजे देवळात जाऊन देवाला आरती शिकवणं. सुगंधाही मेस्त्रीच्याच बाजूची. नारळ फोडला, तिघे केबिनमध्ये बसले आणि गाडी कुंभारमाठच्या चढणीला लागली.

चढणीवरच्या वळणावर प्रितमने चाक फिरवलं, पण गाडी फिरली नाही. "आये, गाडी आयकत नाय!" तो ओरडला. तेवढ्यात मागची खोली सैल दोरात एका अंगाला कलली आणि हिसक्यासरशी गाडीला घेऊन बाजूला गेली. प्रितमने ब्रेक दाबला म्हणून बरं. पुढचं चाक गटारात गेलं, माळ्यावरचे डबे आतल्या आत गडगडले, आणि कडेच्या चिऱ्यांच्या गडग्याला, कुंपणाच्या भिंतीला, गाडी लागता लागता राहिली. कुणाला खरचटलंही नाही.

प्रितमने मागे घेऊन बघितलं. मागची चाकं ढकलत होती, पण पुढची नुसती इकडेतिकडे वळत होती, जमिनीला धरतच नव्हती. सुगंधा खाली उतरली. गाडीचं वर उचललेलं तोंड तिने बघितलं, बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला, आणि पदर खोचून सरळ वर चढून बसली.

"मेस्त्रीनू, या वर."

"मी?"

"होय तर. नाळ खाली करूची आसा."

खाकी अर्ध्या चड्डीतला धोंडू मेस्त्री बॉनेटवर तिच्या शेजारी बसला. पुढची चाकं दबली, रस्त्याला टेकली आणि ऐकू लागली. गाडी हळूहळू मागे सरकत गटाराबाहेर आली. नेमकी त्याच वेळी एस.टी. आली, आणि खिडक्याखिडक्यांतून अर्ध्या मालवणने तो सोहळा पाहिला. मेस्त्री बॉनेटवरून उतरला आणि सरळ चालत घरी गेला.

बातमी काशीबाईपर्यंत गाडीच्या आधी पोचली. तिने आपल्या खारवायच्या काहिली सुनेच्या माहेरी देऊन टाकायचं ठरवलं. "जाऊंदे गो सुगंधा. आपल्या नशिबात ओसरीच."

"काहिली खंय पाठवलंस तर माझ्याशी गाठ आसा," सुगंधा म्हणाली. घरी आल्यावर मात्र, मुलाच्या जिवावर बेतलं होतं, हे तिला स्वतःपासून लपवता येईना. पण खोली मोडून टाकावी असं एकदाही तिच्या मनात आलं नाही.

तीन-चार दिवस मेस्त्री कुणाला दिसला नाही. मग एका सकाळी अंगणातूनच ओरडत आला.

"सुगंधा, चुकलंय मी! होडयेचा सुकाणू मागे आसता. म्हणान मागचो भाग दबलेलो व्हयो. गाडयेचा सुकाणू पुढे आसा! पुढे! मी तुका उलटी होडी बांधून दिलंय गो!" आणि स्वतःच पोट धरून हसायला लागला. स्वतःची चूक इतक्या मोठ्याने सांगणारा माणूस सुगंधाने जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवशी तिने त्याला चहाबरोबर गावठी अंड्याची पोळी खायला घातली.

मग सगळं नव्याने सुरू झालं, आणि या वेळी प्रितमचं तोंड कुणी बंद केलं नाही. आधी वजनकाट्यावर नेऊन गाडी तोलली. नुसती खोलीच एवढी जड की पोती भरल्यावर पिकअपच्या ताकदीबाहेर जात होती. मेस्त्रीने कमरेच्या वरच्या फणसाच्या फळ्या काढून हलकं प्लायवूड आणि पत्रा लावला. त्या फळ्या काढताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. माळा गेला. छप्पर खाली घेतलं, आता आत वाकून शिरावं लागायचं. खोली पुढे सरकवून केबिनच्या मागच्या पत्र्याला भिडवली, खाली रबराची जाड चटई घातली. पिंप आणि पोती बिछान्याखाली, अगदी पुढे आणि तळाला गेली.

कणकवलीच्या गॅरेजात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं, जड मालाचे टायर घातले. गॅरेजवाल्याने बजावून सांगितलं, की पाटा वाढवला म्हणून वजन वाढवायचं नाही. दोर गेला तो बंदरावरच परत गेला. त्याच्या जागी चारी कोपऱ्यांना साखळ्या आणि पेच फिरवून आवळायचे हूक आले. तेही हौद्याच्या पातळ फाळक्याला नव्हे, खाली गाडीच्या सांगाड्याला, चासीला. मेस्त्रीने प्रत्येक साखळीवर हातोडी मारून आवाज ऐकला. गाडी पुन्हा काट्यावर नेली, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. दोन्हींचा भार जिथल्या तिथे होता.

"आणि एक," प्रितम म्हणाला. "गाडी चालू आसताना खोलयेत माणूस बसाचा नाय. कोणच नाय. थांबलेल्या गाडयेतच खोली उघडूची."

"होय रे झिला," सुगंधा म्हणाली. मुलगा हुकूम सोडत होता आणि तिला त्याचं कौतुक वाटत होतं.

काशीबाई यायला तयार नव्हतीच. सुगंधाने तिची पिशवी भरली, चप्पल केबिनमध्ये ठेवली आणि तिला सांगितलं, की चप्पल हवी असेल तर गाडीत बसून घाल. म्हातारी शिव्या घालत चढली. कुंभारमाठच्या चढणीवर धोंडू मेस्त्री आधीच येऊन उभा होता. त्याच वळणावर गाडी मुकाट वळून वर गेली, तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून एवढ्या जोरात हलवली की एक सायकलवाला घाबरून उतरला.

सावंतवाडीला पोलिसाने हात केला.

"हे काय आहे?"

"माल आहे साहेब," प्रितम शुद्ध मराठीत म्हणाला.

"कसला माल?"

"खोली."

पोलिसाने गाडीभोवती फेरी मारली, कागद बघितले, एक साखळी ओढून पाहिली. ती जराही हलली नाही. दार उघडायला लावून त्याने आत कुणी बसलेलं नाही ना हे बघितलं. "बांधलंय मात्र बेस," म्हणाला आणि सोडून दिलं.

आंबोलीचा घाट लागला तशी काशीबाईने डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. सुगंधाने डोळे मिटले नाहीत. ती प्रितमच्या हातांकडे बघत होती. पहिलं मोठं वळण आलं. त्याने चाक फिरवलं आणि गाडी तेवढीच, बरोब्बर तेवढीच फिरली. मागून ना हिसका, ना आवाज. दुसरं वळण, तिसरं वळण. मधे थांबून त्याने चारी पेच तपासले, एक अर्धा आटा आवळला, आणि पुन्हा निघाले. माथ्यावर पोचल्यावर सुगंधाने खिडकीतून डोकं बाहेर काढून जी आरोळी ठोकली, ती खाली मालवणपर्यंत गेली असं प्रितम आजही शपथेवर सांगतो.

"डोळे उघड गो काशीबाय! चढलंव आमी!"

त्याच बाजारगावात संध्याकाळी पिकअप सपाट जागेवर लावली. चाकांना दगड लावले. आत कंदील लावून दोघींनी भात आणि गोलम्याची, बारीक सुक्या कोलंबीची, चटणी खाल्ली. प्रितम केबिनमध्ये आडवा झाला. काशीबाईने दाराची कडी लावली, ओढून बघितली, काढली, पुन्हा लावली. मग बिछान्यावर लवंडली आणि बोलता बोलता अर्ध्या वाक्यात झोपली.

सकाळी सुगंधा हलकेच उठून बाहेर आली आणि दार लोटून घेतलं. बाजार भरू लागला होता. ऊन गाडीच्या टपावर आलं, शेजारचे मिरचीवाले, गूळवाले मांडून बसले, तरी काशीबाईचा पत्ता नाही. पोती होती तिच्या बिछान्याखाली, म्हणजे ती उठल्याशिवाय धंदा सुरू होणार नव्हता. एकेक करत गिऱ्हाइकं जमली.

"आये, उठव गो तिका. बाजार जाता," प्रितम कुजबुजला.

"हात लावशीत तर बघ दाराक."

एक जाडजूड पाटलीणबाई पुढे आली. "अवं मावशी, बांगडं कवा देणार? किती येळ हुबं ऱ्हायाचं?"

सुगंधा दाराला पाठ लावून उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडे लॉजवाला पायरीवर दात घासत हा प्रकार बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जरा दमानं घ्या. आमच्या बाई झोपल्यात."

पाटलीणबाईने एकदा बंद दाराकडे पाहिलं. "बरं, झोपू द्या मग," म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन तिथेच दगडावर टेकली. तिच्या मागे बाकीच्या बायकाही बसल्या. आतून काशीबाईच्या घोरण्याचा आवाज येत होता.