सॉरीशेठ आणि ऑइलचा डबा

आमच्या ह्यांना अपराधी वाटायला कारण लागत नाही. खुर्चीला पाय आपटला तर खुर्चीला सॉरी म्हणतात. रस्त्यात धक्का दुसऱ्यानं मारला तरी माफी हेच मागणार. हे फिटर आहेत त्या गॅरेजमध्ये ह्यांना सगळे 'सॉरीशेठ' म्हणतात. गिऱ्हाईक दुसऱ्याच फिटरच्या नावानं बोंबलत आलं तरी हे हात पुसत पुढे होतात आणि मान खाली घालून ऐकून घेतात. मला असा संताप येतो म्हणून सांगू! माणसानं एकदा तरी आवाज चढवून भांडावं. पण भांडण सुरू व्हायच्या आधीच हे हरलेले असतात. मग मी भांडू कुणाशी, कपाटाशी?

घरात आम्ही तिघं. हे, मी आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. आणि खाली अंगणात उभी असते ती बाबांची जुनी डिझेल गाडी. तिला घरातलंच माणूस धरा, कारण बाबा तिला 'बाई' म्हणतात. उभा जन्म त्यांनी ती भाड्यानं चालवली, तिच्यावर घर उभं केलं, मुलाला शिकवलं. मग डोळ्यांनी दगा दिला. एक दिवस स्वतःहूनच किल्ली ह्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "घे बाबा, मला आता खांब आणि माणूस सारखेच दिसतात." तेव्हापासून गाडी हे चालवतात.

पण एक काम म्हाताऱ्यानं सोडलं नव्हतं. ऑइल बदलायचं. रोज सकाळी खाली जायचं, बॉनेट उघडायचं, डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून तिला बोट लावायचं आणि ऑइलचा थेंब अंगठ्यावर चोळायचा. डोळ्यांचं काय काम त्यात! बोटांनाच कळायचं. काही दिवसांनी वर येऊन जाहीर करायचे, "सूनबाई, काळं झालं. बाईला ताजं पाजायला हवं." मग तो डागाळलेला निळा डगला अंगात, पसरट घमेलं काखेत, पुठ्ठा गाडीखाली आणि त्यावर बाबा उताणे. शीळ तर अशी घालायचे की वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडायच्या, "झालं का बाळंतपण?" त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवायचे.

एकदा असेच गाडीखाली गेले आणि पाठ धरली. बाहेर येता येईना. ह्यांनी पाय धरून, पुठ्ठ्यासकट ओढून काढलं. बाबा हसत होते, पण ह्यांचा चेहरा पांढराफटक. जेवताना घास तोंडापर्यंत न्यायचे आणि परत ताटात ठेवायचे. "मी हातापायानं धडधाकट मुलगा, आणि माझा बाप गाडीखाली लोळतो," एवढंच घोकत होते. मी म्हटलं, "अहो, त्यांना आवडतं ते." ऐकतील तर शपथ.

मग ह्यांच्या डोक्यात तो डबा शिरला. बायपास फिल्टर म्हणतात त्याला. मला अगदी पोळपाटावर नळ्या काढून समजावलं. गाडीला एक फिल्टर असतोच, तो मोठी घाण अडवतो. हा दुसरा, बाजूला बसवायचा. इंजिनातलं थोडंसं ऑइल बारीक नळीनं ह्या डब्यात येतं, आत घट्ट गुंडाळलेल्या कागदातून हळूहळू झिरपतं, डिझेलची काजळी कागदातच अडकते आणि स्वच्छ ऑइल दुसऱ्या नळीनं परत इंजिनात जातं.

"म्हणजे चहाची गाळणी," मी म्हटलं.

"हो. म्हणजे, सॉरी, त्याहून पुष्कळ बारीक."

आतला कागद पाहिला तर हुबेहूब संडासातला रोल! मी पोट धरून हसले. हे मात्र पोथी धरावी तसा तो रोल दोन्ही हातांत धरून बसलेले.

बाबांना अचानक खूश करायचं होतं ह्यांना. म्हणून मला बाबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि इकडे डबा बसवला. आम्ही परत आलो तर बॉनेट उघडं आणि हे दारात, तोंडभर हसत. बाबांनी वाकून डबा चाचपला, नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या.

"कधी बसवलास?"

"आत्ताच. तुम्ही बाहेर होता तेव्हा. बाबा, आता पुष्कळ महिने ऑइल बदलायला नको. अधूनमधून नुसता कागद बदलायचा, तोही मी गॅरेजमध्येच बदलीन. तुम्ही अगदी निवांत."

"छान केलंस," बाबा म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

पुढे काही दिवस ते सवयीनं डिपस्टिक बघायला जायचे. बोट लावायचे, चोळायचे, पुन्हा लावायचे. काजळीचं नाव नाही. मग जाणं बंद झालं. निळा डगला खुंटीला लटकलेला तसाच. दाढी चार-चार दिवस वाढू लागली. खिडकीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. समोर नुसती भिंतच आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "भूक कसली लागणार? काम काय केलंय मी?"

हे ऐकलं की आमचे हे ताटावरून उठून मोरीपाशी जाऊन उभे राहायचे.

शेवटी माझं डोकं फिरलं. "काढून टाका तो मेला डबा!"

"काढला तर त्यांना कळेल, मी दया दाखवतोय. ते अजून वाईट."

"मग बसा दोघं भिंतीकडे बघत!"

ह्यांनी तिसराच मार्ग काढला. डब्याकडे येणाऱ्या नळीवर एक छोटा कॉक आहे, नळाच्या तोटीसारखा, कागद बदलताना ऑइल सांडू नये म्हणून बसवलेला. एक दिवस गॅरेजमध्ये हळूच तो बंद केला. झालं! डबा नुसता शोभेचा. ऑइल गाळणं थांबलं, काजळी वाढायला लागली. हे रोज आडून सुचवायचे, "बाबा, एकदा बघा ना डिपस्टिक." शेवटी एका सकाळी बाबा गेले आणि धडाधड जिना चढून वर आले. काळं बोट नाचवत म्हणाले, "हरला रे तुझा डबा! बघ, कोळसा झालाय कोळसा!"

दाढी झाली. डगला अंगात चढला. आमच्या घरात शीळ परत आली. आणि हे? कडू गोळी जिभेवर विरघळावी तसे हसत होते. बापाशी खोटं बोललो म्हणून अपराधी, आणि म्हाताऱ्या इंजिनाला मुद्दाम काजळी पाजली म्हणूनही अपराधी. कामावर निघताना बॉनेटवर हात ठेवून सॉरी म्हणताना मी स्वतः पाहिलंय. हसावं की रडावं तेच कळेना.

ऑइल बदलायचं त्या दिवशी हे गाडी घेऊन लांबून आले होते. इंजिन चांगलंच तापलेलं. हे म्हणाले, "बाबा, थोडं निवू दे." हात धुवायला वर आले तेवढ्यात बाबा गाडीखाली शिरलेसुद्धा. इतक्या दिवसांचा उपास सुटणार, कोण थांबतंय! ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सुटला आणि उकळतं ऑइल मनगटावरून बाहीत शिरलं. ती किंकाळी ऐकून माझ्या हातातलं पातेलं पडलं.

दवाखान्यातून आलो तेव्हा बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत होता. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. हे समोर बसले आणि घळाघळा रडायलाच लागले.

"बाबा, माझ्यामुळे झालं हे. ऑइल आपोआप काळं नव्हतं झालं. कॉक मी बंद केला होता."

बाबांनी डाव्या हातानं कप उचलला, एक घोट घेतला. "माहीत आहे."

"काय?"

"बोटाला काजळी लागली, त्याच सकाळी मी कॉकला हात लावून पाहिला. आडवा होता, म्हणजे बंद. माझे डोळे गेलेत रे, बोटं नाही गेली."

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलणार? त्याचं तोंड बघितलंस ना? मला फसवताना त्याचा एवढा जीव जात होता. आणि खरं सांगू का, मला ते काम हवंच होतं. आपल्या हौसेपायी बाईला घाण पाजली मी. रोज वाईट वाटायचं, तरी कॉक उघडला नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ह्यांचं हे सॉरी-सॉरी कुठून आलंय ते.

"मी डबाच काढून टाकतो," हे म्हणाले.

"कशाला? डबा चांगला आहे. इंजिनाला हवाच." बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला डब्याचं दुःख कधीच नव्हतं रे. बसवताना मला हाक मारली असतीस, तर पाना मी धरला असता. तू मला डॉक्टरकडे पाठवलंस."

खुर्चीला सॉरी म्हणणारा माझा नवरा. त्यानं नुसती मान खाली घातली. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी मी बाबांचा कप परत भरला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी खालून आवाज आला म्हणून मी गॅलरीत गेले. ह्यांनी डबा, नळ्या, क्लिप, सगळं सोडवून बॉनेटखालून बाहेर काढलं होतं आणि पुठ्ठ्यावर नीट मांडलं होतं. मग वर आले. बाबा खिडकीत होते. हे त्यांच्यासमोर उभे राहिले.

"बाबा, डबा परत बसवायचाय. कुठून सुरुवात करू?"

बाबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. उठले आणि खुंटीवरचा डगला काढला. पट्टीचा हात बाहीत जाईना, म्हणून मी तो नुसता त्यांच्या खांद्यावर टाकला.

खाली बॉनेटमध्ये वाकून बाबा डाव्या हातानं पाना फिरवत होते. मधेच म्हणाले, "ही नळी सायलेन्सरच्या पाइपच्या फार जवळ घेतली होतीस, वितळली असती," आणि ह्यांनी मान हलवली. हे बॅटरीचा झोत धरून उभे होते, त्यांच्या अगदी खांद्याला खांदा लावून.

"अरे, उजेड हलवू नकोस," बाबा म्हणाले.

"नाही हलवत," हे म्हणाले. पण उजेड हलतच होता.