शेलार फौजदार आणि उधव्याचा जमाव

"पळू नका रे, मीही दमतो!"

कुठल्याही पाड्याशी जीप थांबली की शेलार फौजदार खाली पाय ठेवायच्या आधी ही आरोळी ठोकत. आवाज खणखणीत, पण उपयोग शून्य. जीप लांबून दिसली की पाडा रिकामा होई. चुलीवर भात रटरटत असे, झोळीत तान्हं झोपलेलं असे, अंगणात कोंबड्या हिंडत असत आणि माणूस म्हणाल तर एकही नाही. मग फौजदार एखाद्या ओटीवर टेकत, टोपी मांडीवर ठेवत आणि कोंबड्यांना विचारत, "काय मग, चौकशी तुमच्याकडंच करू का?"

नव्वद साल उजाडायला एखाददुसरं वर्ष असेल तेव्हाची ही गोष्ट. मी मूळची डहाणूची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी. नोकरी लागली ती तलासरी तालुक्यात, पार गुजरातच्या हद्दीशी, उधव्याच्या शाळेत. राहायला जयंतीशेठच्या किराणा दुकानामागची खोली. शेठचं घराणं गुजराती, तीन पिढ्या उधव्यात काढलेलं, आणि आमच्या भागात टेलिफोन म्हणाल तर त्यांच्याच गल्ल्याशेजारी. फौजदार साताऱ्याकडचे. उंचीला बेताचे, रुंदीला सढळ. हायवेवरच्या एका ठाण्यात त्यांची नेमणूक झाली आणि फेरीला आले की ते हमखास शाळेत डोकावू लागले. कारण विचारलं तर म्हणत, "आवं बाई, तालुक्यात मला बघून जागेवर बसून ऱ्हाणारी माणसं इथंच हायेत. तुमची पोरं. तीबी तुम्ही छडी घेऊन उभ्या म्हणून."

ठाण्यात माणसं मोजकी. उलटलेले ट्रक उचला, कुणी पुढारी आला की बंदोबस्ताला उभे राहा, चोरटी दारू पकडा, आणि या सगळ्याला जीप एक. तिच्यातही डिझेल असेल तर. त्यात हद्दीची भानगड. अलीकडच्या चोराने ओढा ओलांडला की तो गुजरातचा झाला. याबद्दल फौजदारांची तक्रार नव्हती. त्यांचं दुःख वेगळं होतं. "चोर पकडणं सोपं हो बाई," ते म्हणत, "आमच्याकडं साव सापडत न्हाय. चोर निदान कोर्टात तरी भेटतो. साव आम्हाला बघून जो पळतो तो पळतोच. मग मारामारी कुणी केली, पोर कुणाची हरवली, हे मला सांगायचं कुणी?" हे बोलताना मात्र ते हसत नसत.

म्हणून त्यांनी एक उपाय काढला होता. रोज सकाळी जयंतीशेठला फोन करायचा आणि गावाची हालहवाल विचारायची. शेठ मराठी बोलत ते स्वतःच्या पद्धतीचं. रोज "काय नाय साहेब, सगळा शांती" एवढ्यावर काम भागत असे. चैत्रातल्या एका सकाळी मात्र ते भागलं नाही. तो संवाद मी नंतर दोघांकडूनही ऐकला आणि दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचाही फरक नव्हता, म्हणून इथे तसाच देते.

"काय शेठ, काय विशेष?"

"विशेष काय नाय साहेब. रुपजीच्या पाड्यावर माणूस जमते आहे."

"जमतंय? किती?"

"बसो-अढीसो तर हशेच."

"दोन-अडीचशे? कशासाठी जमलेत?"

शेठना हा प्रश्नच अडाणी वाटला. "कशासाठी म्हणजे? भूक लागली तर माणूस जमे नाय, साहेब?"

फौजदार खुर्चीतून उठले. "अजून येणार आहेत?"

"येणार ने! कैनाडवरून पण येते. सांजपरयंत जमशे."

आता यात शेठची काय चूक? गुजरातीत माणसं जमतात म्हणजे जेवतात. जमणवार म्हणजे जेवणावळ. रुपजीच्या घरी लग्न होतं आणि सकाळपासून पंगती उठत होत्या. पण मराठी कानाला ऐकू आलं ते असं, की दोन-अडीचशे भुकेली माणसं एका ठिकाणी गोळा झाली आहेत, शेजारच्या तालुक्यातून कुमक येते आहे आणि संध्याकाळपर्यंत आकडा वाढणार आहे. आमच्याकडे मोर्चे काही नवीन नव्हते. फौजदारांनी जिल्ह्याला वायरलेस केला, जादा कुमक मागवली, असतील नसतील तेवढे शिपाई काठ्या-शिरस्त्राणांसह गाडीत कोंबले आणि उधव्याकडे निघाले.

मी तेव्हा पंगतीत बसले होते. पानात गरम भात, त्यावर डाळ. शेजारी माझ्या वर्गातली तिसरीची पोरगी. ती नवरीची थोरली लेक. हे वाचून दचकू नका. तिकडे दोघांचं सूत जुळलं की घर मांडतात आणि लग्नाचा खर्च झेपेल तेव्हा लग्न लावतात; मात्र आईबापांचं लागल्याशिवाय मुलांचं लागत नाही. सोनी आणि रुपजी यांना तो झेपायला दहा-बारा वर्षं लागली होती. आज कुठे घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाच्या चित्रांचा चौक लिहिला होता. चौक काढत नाहीत, लिहितात. मी एकदा मराठीच्या बाईपणाने 'काढला' म्हणाले तर बायांनी मला तिथल्या तिथे सुधारलं. त्या चौकासमोर बसून लखमीबाय गाणी म्हणत होती. ती धवलेरी. वारल्यांचं लग्न ती लावते, भट नाही. तिची गाणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरी झाली तर लग्न, नाहीतर नुसतंच जेवण.

गाणी अर्ध्यावर आली आणि पोलिसांची गाडी वळणावर दिसली.

"पळू नका रे!" फौजदारांनी नेहमीची आरोळी दिली. पण या खेपेला त्यांच्या मागून काठीवाले धडाधड उड्या मारत उतरत होते. पुढचं सांगायला नको. बघता बघता पंगत उठली, ढोल उताणा पडला, नवरदेव मुंडावळ्यांसकट कुडावरून पलीकडे गेला. वाफाळणाऱ्या भाताच्या पानांमध्ये मी एकटी हात आखडून बसले होते. आणि मांडवात, पिवळ्याधमक अंगाने, सोनी.

फौजदारांनी काठी खाली केली. भाताकडे बघितलं, तोरणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बाई, मोर्चा कुठाय?"

"कसला मोर्चा?" मी म्हटलं. "जेवताहेत माणसं. म्हणजे जेवत होती."

"शेठ तर म्हणाले, माणसं जमलीत... भुकेनं..." आणि बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात उजेड पडला असावा, कारण साताऱ्याहून आल्यावर शेठच्या घरी त्यांना 'जमवा चालो' म्हणून कितीदा तरी पानावर बसवलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शाळेत वहीऐवजी आईचं पोळपाट आणलेल्या मुलाचा होतो, तसा झाला होता.

मला हसू फुटणार होतं, पण सोनी बोलली आणि ते जागीच विरलं. "मी नाय पळायची," ती म्हणाली. "हळद लागलीय माला. एवढी वरसा वाट बघली. लगीन मोडलास तू, फौजदारा."

"नाही गं बाई, मोडलं कसं? बोलवू की सगळ्यांना."

"धवलेरी गेली वड्यापल्याड. गाणा अर्धा ऱ्हायला. आथा माझा नाय झाला तर माझ्या पोरींचा कसा व्हायचा?" आणि इतका वेळ धीर धरलेली ती बाई मटकन बसून रडू लागली.

फौजदारांनी शिपायांना गाडीत बसवून वळणापलीकडे पाठवलं आणि मला म्हणाले, "चला बाई. तुमचं ऐकतील." आम्ही ओढ्यावर आलो. चैत्रातलं पाणी, गुडघ्याच्याही खाली. पलीकडच्या काठावर, म्हणजे गुजरातेत, लखमीबाय एका दगडावर पदर सावरून बसली होती. धापा टाकत होती, पण रुबाब असा की ठाणं तिचं आणि आम्ही आरोपी.

"आजी, चुकलं माझं!" फौजदार ओरडले. "परत या!"

"तूच ये हकडं."

"मला येता येत नाही. माझी हद्द इथवर."

"कुठवर?"

"ओढ्याच्या मध्यापर्यंत."

"मंग मधी येऊन उभा ऱ्हा," म्हातारी म्हणाली. "माला न्यायला माणूस यावा लागतो, मानानं. लगीनघरचा माणूस. तू कोण लगीनघरचा?"

वर्दीत, वरच्यांना न विचारता दुसऱ्या राज्यात जायचं म्हणजे नोकरीशी खेळ. फौजदारांनी एकदा ओढ्याकडे बघितलं. मग त्यांनी पट्टा काढला. टोपी काढली. बूट काढले. आणि माझ्याकडे पाठ करून वर्दीचा शर्टही काढून करंजाच्या फांदीला अडकवला. "बाई, हिच्यावर लक्ष ठेवा," म्हणाले. "हद्द वर्दीला असते. शेलारांचा पोरगा लग्नाला निघालाय, त्याला कोण अडवतंय?" आणि पँटचे पाय दुमडून, बनियनवर, तो भरभक्कम माणूस पाण्यात शिरला.

शेवाळलेल्या दगडांवर त्यांची जी तारांबळ उडाली ती बघून मी इतकी हसले की शाळेच्या शिस्तीला कायमची मुकले. दोनदा फौजदार बसता बसता वाचले. तिसऱ्यांदा दोन्ही हात पसरून ते मधोमध थिजलेच. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. तेव्हा लखमीबाय उठली, अनवाणी सरसर चालत आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"आजी, मी तुम्हाला न्यायला आलोय," फौजदार पुटपुटले.

"हां हां. बघतेय ना. पाय टाक. ह्या दगडावर नाय, त्या."

अशा रीतीने पोलीस खात्याने धवलेरीला मानाने परत आणलं. ती पुढे, तिच्या हाताला धरून फौजदार मागे, आणि सगळ्यांत मागे मी, शर्ट-पट्टा-टोपी-बूट सांभाळत. पाड्याजवळ आलो तशी झाडीतून खसखस ऐकू आली. मग कुणीतरी मोठ्याने हसलं. मग सगळं रानच हसायला लागलं. एकेका बुंध्याआडून माणसं बाहेर आली, पोटं धरधरून हसत, आणि त्यांच्यात मुंडावळ्या सावरत रुपजीही होता. पोलिसाकडे बघून पळणारी माणसं पोलिसाकडे बघत येताना मी पहिल्यांदा पाहिली. फौजदारांनी अंगावर शर्ट चढवला नाही. मागितलासुद्धा नाही.

लखमीबायने गाणं अर्ध्यावरून उचललं नाही. अर्धं गाणं देव घेत नाही म्हणाली, आणि पहिल्यापासून सुरू केलं. ते संपेपर्यंत फौजदार चौकासमोर मांडी घालून बसले. लग्न लागल्यावर रुपजीने त्यांना पानावर बसवलं. कोपऱ्यात मडकी होती. त्यांत काय आहे ते बघायचं नाही असं ठरवून ते भिंतीकडे तोंड करून जेवले. इतक्यात जिल्ह्याची कुमक येऊन थडकली. तिलाही पंगतीत घेतलं. वरच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी फोनवर खडसावून विचारलं, "जमाव कसा पांगवलात?" फौजदार म्हणाले, "साहेब, जेवून गेला." त्यावर साहेबांनी काय सुनावलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण बराच वेळ ऐकत उभे होते असं त्यांचा ड्रायव्हर म्हणाला.

त्या दिवसानंतर माणसं पळायची थांबली, असं लिहिलं तर ती थाप होईल. पळत असत, पण जरा सावकाश, आणि वळून बघत. कुणी धीट म्हातारा ओटीवर बसून राहायचा. फौजदारांना तेवढंही पुरे होतं. ते वाट बघत होते ते दुसऱ्याच गोष्टीची. "पाड्यावरचं माणूस ठाण्यात आणलं जातं," ते म्हणत. "आपण होऊन आलेलं मी अजून बघितलं न्हाय. तेवढं बघून बदली झाली तरी चालंल."

बदली मात्र आधी आली. पुढच्या वर्षी हुकूम निघाला, लांब कुठे तरी घाटावर. मी निरोपाला ठाण्यात गेले तेव्हा त्यांचं टेबल रिकामं झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या नव्या साहेबांसाठी सगळं आवरून ते नुसते बसले होते. एवढ्यात दारातल्या शिपायाचा आवाज चढला. "काय पाहिजे? इथं कुठं शिरतेस?"

"फौजदार पायजे," बाहेरून बाईचा आवाज आला. "बोकड नेलाय माझा. सांगायचाय."

फौजदार असे उठले की खुर्ची मागे पडली. सोनी होती. एकटी. तलासरीपर्यंत एसटीने येऊन पुढे उन्हातून चालत आलेली. त्यांनी स्वतः खुर्ची उचलून तिच्यापुढे ठेवली. शिपाई म्हणाला, "साहेब, उद्या नवे साहेब येणारच आहेत, तेव्हा घेऊ." फौजदारांनी आवरून ठेवलेलं पेन काढलं, कागद पुढे ओढला.

"नाव?"

"सोनी."

"पूर्ण नाव सांगायचं. नवऱ्याचं नाव काय?" नेहमीच्या सवयीने त्यांनी विचारलं.

सोनीने तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं लाजली, पण ती हसत होती. "माला काय इचारतोस?" ती म्हणाली. "तू जेवला नाय का माझ्या लग्नात? लिही. रुपजी. लग्नाचा नवरा."