मुद्देमाल कारकुनाची हरकत

मोरूभाऊ गेल्याचा फोन सकाळी आला आणि दुपारी त्या दिग्दर्शकाचा मेसेज. ‘आमचे कायदा सल्लागार काका आता आपल्यात नाहीत’, खाली जोडलेले हात आणि लगोलग त्याच्या सिनेमाचं पोस्टर. माणूस अजून घरात ठेवलेला होता, आणि हा आपली जाहिरात करत होता. सुमनवहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, “गेले गो... चाय ठेवीपर्यंत गेले.” रोह्याहून पेणला, रामवाडीतल्या त्यांच्या घरी जाताना मला रडू येत नव्हतं, चीड येत होती. आता दीड महिना झाला, ती चीड अजून तशीच आहे.

मोरेश्वर म्हात्रे हे कोर्टात मुद्देमाल कारकून होते. खुनातली सुरी, चोरीतली सायकल, मारामारीतला फाटका सदरा, असं जे जे पोलीस जप्त करतात ते चिठ्ठी बांधून सांभाळायचं आणि खटला उभा राहिला की साहेबांपुढे आणून ठेवायचं, हे त्यांचं काम. जिल्ह्यातल्या एका लहान कोर्टात त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. कोर्टाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथे नवखी वकील म्हणून जायला लागले तेव्हा ते मला जरा तुसडे वाटले होते. एखादी वस्तू मागितली की आधी माझ्याकडे, मग कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघायचे. मिठागरात राबणाऱ्या घरातला हा पहिला शिकलेला मुलगा. अक्षर मात्र असं, की त्यांची चिठ्ठी वाचायला चष्मा लागू नये.

आमची ओळख झाली ती एका कोयत्यामुळे. खाडीकडच्या एका गावात बांधावरून भांडण झालं आणि एकाच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटली. आरोपीची वकील मी. पंच साक्षीला उभा राहिला, त्याला कोयता दाखवला, आणि त्याने शपथेवर सांगितलं, “हाच तो.” फौजदारांनीही तेच सांगितलं. मीसुद्धा काही बोलले नाही, कारण माझ्याही काही लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून मोरूभाऊ उठले. पंचनाम्यात मुठीला तार गुंडाळलेली लिहिली होती, आणि टेबलावरच्या कोयत्याला तार नव्हती. ते म्हणाले, “साहेब, हा कोयता या केसमधला नाय. पावसात खोलीत पाणी शिरला होता, चिठ्ठ्या भिजल्या. नवीन बांधताना माझ्याच हातून अदलाबदल झाली.” हाच कोयता म्हणून शपथ घेणारे दोघेही खोटे ठरले आणि माझा आरोपी सुटला.

मोरूभाऊंची चौकशी लागली, बढती अडली ती कायमचीच. मी आभार मानायला गेले तर त्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. “मॅडम, तुमचा माणूस सुटला. ज्याची बोटं गेली तो आत्ता पायरीवर बसलाय. त्याला जाऊन मी काय सांगू?” पुढे त्यांनी सांगितलंच त्याला, सरळ त्याच्या घरी जाऊन. त्या माणसाने दार लावून घेतलं. मोरूभाऊ पुन्हा गेले, तेव्हाही दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने पाणी दिलं, पण बोलला एक शब्द नाही... हे मला खूप वर्षांनी वहिनींकडून कळलं. मोरूभाऊंनी त्याचा कधी उच्चार केला नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर कोर्टाचे सिनेमे बघायला लागला, आणि रागाने बघायला लागला. एव्हाना त्यांच्या घरी माझं जाणंयेणं सुरू झालं होतं, आणि मी पेणला गेले की आम्ही तिघं टीव्हीपुढे बसायचो. न्यायाधीशाने हातोडा आपटला की ते म्हणायचे, “सुताराकडून आणलान वाटतं.” वकील ऐनवेळी खिशातून पुरावा काढायचा, सगळं कोर्ट टाळ्या वाजवायचं. मोरूभाऊ विचारायचे, “याची चिठ्ठी कुठाय? जप्त कोणी केला?” वहिनी वैतागून म्हणायच्या, “अवो, बघू द्या की जरा!”

आणि मग रोह्यात एक सिनेमा आला. म्हणजे त्याचं चित्रीकरण आलं. एका रिकाम्या शाळेत कोर्ट उभारलं होतं आणि त्यांना कोर्ट माहीत असलेला कुणीतरी हवा होता. त्यांनी मला विचारलं, पण मी वकिली सोडली होती, म्हणून मोरूभाऊंचं नाव सुचवलं. ही माझी चूक, आणि ती मी इथे कबूल करते. ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीने आले, अख्खी कथा वाचली आणि संध्याकाळपर्यंत चार पानं हरकती लिहून दिल्या. खुनाच्या प्रसंगात सुरीची मूठ लाकडी, कोर्टात काळी प्लास्टिकची. गावातली वीज गेलेली, तर मग खुनी सीसीटीव्हीत दिसला कसा? दार आतून बंद, खिडकीला गज, मग तो आत शिरला कुठून? प्रेत मिळालं मंगळवारी आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर तारीख सोमवारची! दिग्दर्शक तिशीतला, डोळ्यांवर काळा चष्मा, तोही खोलीत. त्याने पानं चाळली नाहीत, नुसती वाऱ्यासारखी उडवली. “काका, एवढं कोण बघतं? चुका सगळ्यांच्याच होतात.”

“व्हतात ना,” मोरूभाऊ म्हणाले. “पन मग उभा राहून सांगायचा असता.”

तो हसला. त्या हसण्याची मला आजही किळस येते. चार पानांतली एकही चूक सिनेमावाल्यांनी दुरुस्त केली नाही. वाईट दिग्दर्शन मी समजू शकते, प्रत्येकाला अक्कल असतेच असं नाही. पण समोरच्याने मेहनतीने दाखवलेली चूक ठाऊक असूनही तशीच ठेवायची, कारण बघणारे मूर्ख आहेत अशी खात्री आहे... हा निव्वळ माज आहे. त्यावर कडी म्हणजे सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा शेवटच्या पाट्यांत ‘कायदा सल्लागार : मोरेश्वर म्हात्रे’ असं ठसठशीत झळकलं. मोरूभाऊंनी ते बघितलं आणि मला फोन केला. एरवी आवाज न चढवणाऱ्या माणसाचा आवाज चढला होता. “मॅडम, जुने वकील बघतील ता. म्हनतील, मोऱ्यानं पुन्यांदा हत्यार बदलला. माझा नाव काढायला सांगा त्यांना.”

मी सांगते म्हणाले, आणि आज करू, उद्या करू करत राहिले. त्यातच ते गेले.

दहाव्यानंतर मी दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, आम्ही तर त्यांना मान दिलाय. आणि पाट्या वाचतो कोण?” मी म्हटलं, कोणी वाचत नसेल तर काढायला तुम्हाला त्रास होऊ नये. मग रीतसर नोटीस पाठवली. वकिली सोडल्यावर लिहिलेली ही माझी पहिली नोटीस, आणि तिच्यात मी एकही शब्द मऊ ठेवला नाही. पंधरा दिवसांत नाव निघालं.

हे सांगायला मी पेणला गेले. जिंकल्यासारखीच गेले, खोटं कशाला बोलू. वहिनी वाल सोलत बसल्या होत्या. मी मोबाइलवर सिनेमाचा शेवट लावला, पाट्या सरकल्या, त्यांचं नाव होतं तिथे दुसऱ्याच कोणाचं तरी आलं. “बघा,” मी म्हटलं. “काढलं.”

वालाची टरफलं वहिनींनी एका बाजूला सारली.

“बरा केलास गो. त्यांच्या मनासारखा झाला.” मग पदराने हात पुसत म्हणाल्या, “ते गेल्यापासून मी रोज दुपारी तेवढाच लावून बघायची. त्यांचा नाव यायचा, तिथं थांबवून ठेवायची... आता नाय लावायची.”

वहिनींना विचारायला हवं होतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी मोबाइल बंद केला आणि त्यांच्याबरोबर वाल सोलायला बसले.