झाड नसलेला माळ

कोंडीबा आमच्या मंडळात आला तो मास्तरांची चूक काढूनच. पंचेचाळीस सालचा श्रावण संपत आला होता. दर रविवारी सकाळी सांगलीला कृष्णेच्या घाटावर आम्ही पाचसहा हौशी माणसं जलरंगात चित्रं काढायला बसायचो. मी पोस्टातला कारकून, भाऊसोंचा छापखाना, आणि आम्हाला शिकवायला शाळेतले ड्रॉइंगचे लालासाहेब मास्तर. त्या दिवशी मास्तर आभाळ रंगवत होते. पाठीमागं एक उंच, काळासावळा फेटेवाला उभा होता. तो म्हणाला, "आवं मास्तर, ह्यो निळा वाळल्यावर लय फिका पडंल. आनखी जरा घ्या."

मास्तरांनी ऐकलं नाही. अर्ध्या तासात आभाळ धुवून धुवून विरलेल्या धोतरासारखं दिसू लागलं.

"तुला रे कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"माधवनगरच्या गिरणीत रंगखात्यात हाय मी. धा वर्सं झाली, ओलं सूत बघून वाळल्यावरचा रंग सांगतुया."

कोंडीबा कवठ्याच्या पुढच्या माळावरचा धनगर. मेंढरं भावाच्या हवाली करून गिरणीत लागलेला. बायको हरणाबाई गावीच असायची. मास्तरांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि पुढच्या रविवारपासून तो आमच्यातलाच झाला.

पण घाट, देवळाचं शिखर, नाव यातलं काही त्यानं कधी काढलं नाही. कागद ओला करायचा आणि सुताच्या बोळ्यानं आडवे पट्टे ओढायचे. खाली तांबूस, वर करडा, त्यावर फिकट पिवळा.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"आमचा माळ."

"झाड कुठं आहे?"

"झाड न्हाईच तितं."

"मग मेंढरं तरी दाखव."

"हाइत की. ह्यो करडा पट्टा." कोंडीबानं शांतपणे बोट ठेवलं.

मास्तर हसले नाहीत, पण आमच्या वार्षिक प्रदर्शनात ते चित्र लावायलाही तयार झाले नाहीत. चित्रात वस्तू हवी, असा त्यांचा नेम होता. कोंडीबाला राग आला नाही. "मग तुमीच बघाय चला," एवढंच तो म्हणाला.

फाल्गुनात आम्ही गेलो. मिरजेहून छोट्या रेल्वेनं कवठ्याला उतरलो आणि दोन कोस चाललो. माळावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. काढण्यासारखं काही दिसेना. भाऊसो तर चारी दिशांना फिरून आले आणि कोरा कागद मांडीवर घेऊन बसले.

हरणाबाईनं पाण्याची एक कळशी आणून ठेवली. "ह्येच्यात सांजपातूर भागवा. हीर कोसभर लांब हाय."

भाऊसोंनी सवयीनं ब्रश धुतला आणि वाटीतलं पाणी भुईवर ओतलं. हरणाबाई तिथूनच ओरडली, "आवं, सांडताय काय? माजी दोन भांडी निघाली असती की त्येच्यात!"

भाऊसोंचा चेहरा पडला. मग दोघांत एक वाटी घेतली. तेच गढूळ पाणी, त्यातच निळा, त्यातच तांबडा. हळूहळू सगळ्यांचे रंग मातकट होत गेले, आणि समोरच्या माळाशी जुळायला लागले. पण उन्हानं कागद भराभर वाळत होता. रंगाला मध्येच कडा पडत होत्या. मास्तरांचे दोन कागद असेच वाया गेले. लढाई संपली तरी कागद मिळायची तेव्हा मारामारच होती, त्यामुळं ते फार चिडले.

कोंडीबा त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "मास्तर, वरनं खाली या. मदी थांबू नगा. हात उचलायचाच न्हाई."

माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षं शिकवत आलेल्या माणसानं विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. बोळा भिजवला आणि एका दमात कागद भरला. वाळल्यावर त्यांनी तो लांब धरला. दूरवर कोंडीबाच्या भावाची मेंढरं धुळीतून सरकत होती. पाय नाही, शिंग नाही, नुसता करडा पट्टा हलत होता.

मास्तरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मी वीस वर्षं पोरांना आधी रेघ शिकवतोय रे."

"शिकवा की. देवळाला रेघ लागतीच."

त्या वर्षीच्या प्रदर्शनात कोंडीबाची पाच चित्रं लागली, तीही मास्तरांनी स्वतः भिंतीवर चढवली. लोक बुचकळ्यात पडले. एका वकिलानं एक चित्र विकत मागितलं, फक्त कोपऱ्यात एक बाभळ काढून द्या म्हणाला. "बाबळ पायजे आसंल तर बाबळीचं चित्र घ्या," असं सांगून कोंडीबा दुसऱ्या माणसाशी बोलायला वळला.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात आम्ही मेढ्याला गेलो. डोंगर, भातखाचरं, धुकं. जिकडं बघावं तिकडं हिरवं. आम्ही अधाशासारखे तुटून पडलो. कोंडीबा मात्र दिवसभर बांधावर बसून होता. संध्याकाळी त्याचा कागद कोराच होता.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"बरा हाय की. येवढं हिरवं मला आजून वळकीचं न्हाई." त्यानं कागद गुंडाळून काखेत मारला. "फुडल्या साली परत येऊ. तवा काढीन."

आणि काढलंच.